आठ झाली, पाच राहिली

स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत जिथं बसायचं असतं, तिथल्या भिंती महाराष्ट्रभर सारख्याच असाव्यात. गोरीपान, निळ्या डोळ्यांची, आपल्या गावात कुणाच्याही घरी कधी न जन्मणारी बाळं. एक कोबीच्या पानांत बसवलेलं, एक टोपलीत झोपलेलं, एकाच्या डोक्यावर सशाच्या कानांची लोकरी टोपी. खाली औषध कंपनीचं नाव. समोरच्या बाकावर आठव्या-नवव्या महिन्याच्या बायका असतात, ‘ट्रीटमेंट’ चालू असलेल्या असतात, पाळी जाताना होणाऱ्या तक्रारी घेऊन आलेल्या असतात. आणि एखादी अशी असते, जिला आतल्या खोलीत नुकतंच सांगितलंय की ठोके लागत नाहीयेत. क्युरेटिंगची वेळ घ्यायला तिलाही त्याच बाकावर थांबावं लागतं.

मी एकदा तिथं माझ्या धाकट्या जावेबरोबर बसले होते. तिला दहावा आठवडा होता. ती रडली वगैरे नाही. फक्त उठून दुसऱ्या खुर्चीवर बसली, मग तिथूनही उठली. मला कळेना काय चाललंय. तिला भिंतीकडे पाठ करून बसायचं होतं, आणि चारही भिंतींवर बाळं होती.

घरी आल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगायचं काय, हे सासूबाईंनी रिक्षातच ठरवलं होतं. ‘पित्त झालंय.’ त्यांना दोष देत नाही. त्या जे शिकल्या तेच करत होत्या. पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नसतं, दृष्ट लागते. पण जे आहे म्हणून कधी सांगितलंच नाही, ते गेलं म्हणून कुणाला सांगणार? डॉक्टरांच्या हिशेबात ही काही अपवादाची गोष्ट नव्हे. दिवस राहिल्याचं कळल्यानंतरही साधारण दहा ते पंधरा टक्के गर्भ टिकत नाहीत, बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच जातात, आणि त्यातल्या निम्म्यांचं कारण गुणसूत्रांतला दोष असतो. तो कुणाच्या वागण्यातून आलेला नसतो. तरी चौकशी व्हायची ती होतेच. पपई खाल्ली होतीस का? स्कूटरवरून गेली होतीस? ग्रहणात भाजी चिरलीस?

भाषेचीही गंमत आहे, गंमत म्हणायची तर. मराठीत ‘दिवस गेले’ म्हणजे बाई गरोदर राहिली. गर्भ गेला तर मात्र नेमकं क्रियापद सापडत नाही. ‘राहिलं नाही’, ‘पडलं’, ‘खराब झालं’. शहरात ‘क्युरेटिंग झालं’ म्हणतात. म्हणजे घडलेल्या गोष्टीला नाव नाही, नंतरच्या सफाईला आहे.

म्हणून या दुःखाची चित्रं काढावीत का, शिल्पं घडवावीत का, ती चारचौघांत मांडावीत का, असं कुणी विचारलं की मी लगेच ‘हो’ म्हणते. ‘घरातलं चव्हाट्यावर आणू नये’ हे उत्तर मला पुरत नाही, कारण या विषयाचा अर्धा भाग केव्हाच चव्हाट्यावर आलेला आहे. आयव्हीएफ केंद्रांच्या फलकांवर, कॅलेंडरांवर, डोहाळजेवणाच्या फोटोंत, धनुष्यबाण हातात दिलेल्या, चंद्रकोरीत बसवलेल्या गर्भवतींच्या अल्बमांत. झाकलाय तो फक्त दुसरा अर्धा.

आपली परंपरा याबाबत मुकी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. ती बोलते, पण काय बोलते ते पाहा. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गर्भस्रावानंतरची शुद्धी सांगितली आहे: जितक्या महिन्यांचा गर्भ, तितक्या रात्री. म्हणजे शास्त्रकारांनी गर्भाचे महिने मोजले होते. मोजले ते विटाळासाठी.

मोजणी माझी आजीही करायची. ‘माझी आठ झाली, पाच राहिली,’ असं ती कुणालाही सहज सांगायची, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत. त्यांतलं एक पाचव्या महिन्यात गेलेलं, एक जन्मल्यावर चार दिवसांनी, एक दोन वर्षांचं होऊन देवीत. तिन्ही तिच्या आठांत होती. तिच्या पिढीच्या कितीतरी बायका असंच सांगायच्या, आणि ऐकणाऱ्याला त्यात अवघडल्यासारखं वाटत नसे. माझ्या जावेला आज कुणी विचारलं तर ती ‘एक मुलगी’ म्हणते. आजीचं आकडे सांगणं आपण मागासलेपणात जमा केलं. ते बरोबर केलं का, हे मला अलीकडे कळेनासं झालंय.

आजीच्या देवघराशेजारी श्रावणात जिवतीचा कागद लागायचा. पुष्कळांच्या घरी अजून लागतो. दहा-वीस रुपयांना मिळतो, छपाई भडक, कागद पातळ. वर खांबातून निघालेला नरसिंह आणि शेजारी प्रल्हाद, मग कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, मध्ये जरा-जीवंतिका, आणि खाली हत्तीवर बुध, वाघावर बृहस्पती. जरा-जीवंतिकांच्या मांडीवर, खांद्यावर, पाळण्यात, पायांशी मुलंच मुलं. यातली जरा म्हणजे महाभारतातली राक्षसी. दोन मातांच्या पोटी दोन शकलांत जन्मून टाकून दिलेलं बाळ तिनं जोडलं, तोच जरासंध. जिला भ्यायचं, तिलाच मुलांची राखण करायला घरात बसवायचं. मूल जगेल याची खात्री नसलेल्या काळातल्या बायकांनी केलेला हा सौदा आहे, आणि मला विचाराल तर आपल्याकडचं आईपणाचं सगळ्यात प्रामाणिक चित्र तेच आहे. त्यात भीती आहे. कोबीतल्या बाळाच्या चित्रात ती औषधालाही नाही.

श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ, पुरणाचा नैवेद्य, मग पुरणाच्याच दिव्यांनी मुलांना ओवाळणं. जी मुलं परगावी असतील त्यांच्यासाठी त्या त्या दिशेला अक्षता टाकायच्या. आजीची तीन मुलं मुंबईला, एक नागपूरला, एक घरात. आम्ही नातवंडं तिच्याभोवती कडबोळ्याची वाट पाहत बसलेलो असायचो. ती घरातल्याला ओवाळायची, मुंबई-नागपूरकडे अक्षता टाकायची आणि मग परसदारी जाऊन तुळशीमागं आणखी तीन चिमटी टाकून यायची. आम्हाला वाटायचं, उरलेल्या अक्षता चिमण्यांना टाकते. पोथीत या तीन चिमट्यांसाठी काही सांगितलेलं नाही. तिनं ते विधीच्या कडेला स्वतःच जोडून घेतलं होतं. कला म्हणजे मी जे समजते, ते याच्या फार दूर नाही.

श्रावण संपतो पिठोरी अमावस्येला, आणि त्या दिवशीची कहाणी तर सरळ या विषयावरच आहे. आटपाट नगरातल्या ब्राह्मणाच्या सुनेला दर वर्षी श्रावणी अमावस्येला, ऐन श्राद्धाच्या दिवशी, मूल व्हायचं आणि लगेच जायचं. ब्राह्मण उपाशी उठायचे. सहा वर्षं असं झालं. सातव्या वर्षी सासऱ्यानं मेलेलं मूल तिच्या ओटीत घातलं आणि तिला रानात हाकलून दिलं. रानात तिला झोटिंगाची बायको भेटली. तिच्या सांगण्यावरून सून बेलाच्या झाडावर चढून बसली. रात्री नागकन्या, देवकन्या, साती अप्सरा आल्या, पूजा झाली, ‘अतिथी कोण?’ विचारल्यावर हिनं ‘मी’ म्हटलं. सातही मुलं जिवंत झाली. मुलं घेऊन ती घरी आली, तेव्हा तिचं स्वागत झालं.

लहानपणी मला यातली अप्सरांची सभा आवडायची. आता दोन गोष्टी खटकतात. एक, ब्राह्मण उपाशी उठले याचं दुःख कहाणीत त्या बाईच्या दुःखाच्या आधी येतं. दुसरी, घराचं दार उघडतं ते सात मुलं बरोबर आहेत म्हणून. मेलेलं मूल ओटीत घेऊन रान तुडवणारी बाई कहाणी रचणाऱ्याला दिसली होती. इतकं धारदार चित्र नुसत्या कल्पनेतून येत नाही. पण ती रिकाम्या हातांनी परत आली असती तर काय, हे रचायला तो थांबला नाही. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरीच सुफळ व्हायला लागते.

मूर्तींकडे पाहिलं तरी तेच. तेर, भोकरदन इथं सापडलेल्या लज्जागौरीच्या लहान मूर्ती रा. चिं. ढेऱ्यांमुळे मराठी वाचकाला ठाऊक झाल्या. पाय फाकलेली, प्रसवाच्या नाहीतर आवाहनाच्या स्थितीतली देवी. काही मूर्तींत डोक्याच्या जागी कमळ, काहींत डोकंच नाही. अभ्यासकांना त्यात पूर्णकुंभ दिसतो, पृथ्वी दिसते, ते बरोबरच आहे. मला मात्र तिच्यासमोर उभं राहिलं की वाटतं, हिला चेहरा असता तर तिनं काहीतरी सांगितलं असतं. वारल्यांच्या लग्नचौकातली पालघट देवीही सुफलतेचीच, आणि तो चौक लिहायचा मान सवाशिणींचा. आपल्या भाषेत तर थोरवीची शेवटची पायरीच आईपण. ज्ञानेश्वर माउली, विठू माउली. सावित्रीबाईंना पोटचं मूल नव्हतं. १८६३मध्ये पुण्यात फुले दांपत्यानं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि तिथं आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. पण आपण त्यांनाही ‘ज्ञानाची माउली’ केल्याशिवाय सोडत नाही. त्या शिक्षिका होत्या, कवयित्री होत्या, एवढं आपल्याला पुरत नाही.

आता एक चित्र, मेक्सिकोचं, अमेरिकेत काढलेलं. ४ जुलै १९३२ला, पंचविसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलात मेक्सिकन चित्रकर्ती फ्रीडा काहलोचा गर्भ गेला. नवरा दिएगो रिवेरा त्याच काळात त्या शहराच्या कलासंस्थेत मोटार कारखान्यांवरची प्रचंड भित्तिचित्रं करत होता. त्यातल्या पूर्वेच्या भिंतीवर त्यानं एका कंदात वाढणारं बाळ काढलं आहे, सुफलतेचं प्रतीक म्हणून. फ्रीडानं अंथरुणावर असताना शरीरशास्त्राची पुस्तकं मागितली, गर्भ कसा दिसतो ते बघायला. डॉक्टरांनी नकार दिला. पुस्तक रिवेरानं मिळवून दिलं. मग तिनं त्याच इस्पितळाच्या नावाचं चित्र रंगवलं, धातूच्या पत्र्यावर, उघडलेल्या वहीएवढं. उघड्या माळावर एक लोखंडी खाट, क्षितिजावर कारखाना, खाटेवर ती नग्न, खाली रक्त, डोळ्यात एक मोठा अश्रू. हातातल्या लाल फितींना सहा गोष्टी बांधलेल्या: गर्भ, गोगलगाय, कंबरेचं हाड, ऑर्किडचं फूल, पोटाचा शिकवण्याचा नमुना, एक यंत्र. गोगलगाय कशाला, तर ते सगळं किती हळूहळू घडलं हे सांगायला. ज्या बाईला हे झालंय तिला गोगलगाय समजावून द्यावी लागत नाही.

माझ्या दृष्टीनं यातला महत्त्वाचा शब्द ‘पत्रा’. मेक्सिकोत संकटातून वाचलेला माणूस लहानशा पत्र्यावर तो प्रसंग रंगवून घेतो आणि देवळात लावतो. आपण नवस फेडताना चांदीचे डोळे, लाकडी पाळणा वाहतो, तसंच काहीसं. फ्रीडानं तोच गावठी नमुना उचलला. फक्त इथं नवस फळला नव्हता, आणि आभार मानायला वर कुणी संतही काढलेला नाही. परदेशी ‘बोल्डनेस’ म्हणून आपल्याकडे हे चित्र दाखवलं जातं, तेव्हा नेमकं हेच निसटतं. तिनं बाहेरून काही आणलं नव्हतं. आपल्या चित्रकर्तींकडे जिवतीचा कागद आहे, ओटी आहे, सटवाईचे शेंदूर लावलेले दगड आहेत, पाचवीच्या पूजेत ठेवलेली कोरी वही आहे, जिच्यावर सटवाई भविष्य लिहून जाते म्हणे. कुणी काय रंगवावं हे सांगणारी मी कोण. पण साहित्याची वाण नाही, एवढं नक्की.

फ्रीडाची आणखी एक गोष्ट या वादात सोयीस्कर विसरली जाते. त्याच गरोदरपणात, आधी, तिनं गर्भ पाडायचा प्रयत्न केला होता. डॉक्टरांनी दिलेलं क्विनीन आणि एरंडेल घेतलं होतं, आणि ते तिनं आपल्या डॉक्टर मित्राला पत्रातून कळवलं होतं. मग मन बदललं, मूल ठेवायचं ठरवलं, आणि ते गेलं. तेव्हा ती रडली. एकाच बाईला, एकाच उन्हाळ्यात, दोन्ही.

हे महत्त्वाचं का, तर माझ्या ‘हो’वर जो सगळ्यात सबळ आक्षेप आहे तो इथं येतो. तो सोवळ्या लोकांचा नाही, स्त्री-चळवळीतल्या मैत्रिणींचा आहे. त्या म्हणतात, गेलेल्या गर्भाचं दुःख रंगवायला लागलात की गर्भाला माणूस करून बसाल, आणि उद्या तेच चित्र गर्भपाताच्या हक्काविरुद्ध वापरलं जाईल. महाराष्ट्रात ही भीती पोकळ नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपण १९८८मध्ये केला, केंद्राचा १९९४मध्ये आला. तरी २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचं प्रमाण हजार मुलांमागं राज्यात ८९४ आणि बीड जिल्ह्यात ८०७ निघालं. त्यानंतर भिंती रंगल्या. ‘आई, मला मारू नकोस’ असं म्हणणारा गर्भ, नाळेचा फास, सुरा. न जन्मलेल्याचं आपल्या गावातलं पहिलं सार्वजनिक चित्र हेच, आणि ते पूर्ण खोटं होतं. गर्भ बोलत होता, आणि बोलत होता फक्त आईशी. सोनोग्राफी करणारा, पैसे देणारा, वंशाचा दिवा मागणारा, यांच्यापैकी कुणी चित्रात नव्हतं. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द टाळा, लिंगनिवड म्हणा, असं कार्यकर्त्या घसा कोरडा करून सांगत होत्या. १९७१च्या कायद्यानं गर्भपात कायदेशीर केलेल्या देशात त्या शब्दानं गर्भपात म्हणजे खून असं ठसवलं. माझ्या जावेला क्युरेटिंगच्या कागदावर सही करताना दोनदा विचारलं गेलं, ‘नक्की आपोआपच ना?’

म्हणून माझी पहिली अट: चित्र बाईचं असावं, गर्भाचा वकील होऊन ते बोलू नये. हे जमतं. पोर्तुगालमध्ये १९९८च्या सार्वमतात गर्भपाताला कायदेशीर करण्याचा प्रस्ताव थोडक्यात पडला. बहुसंख्य लोक मतदानालाच गेले नव्हते. संतापून पाउला रेगोनं पेस्टलची मोठमोठी चित्रं केली. चोरून गर्भपात करून घेतलेल्या बायका: पलंगावर, बादलीवर, एक तर शाळेच्या गणवेशात. रक्त नाही, गर्भ नाही. बाई दात आवळून सरळ तुमच्याकडे बघते. पुढं २००७मध्ये दुसऱ्या सार्वमतानंतर तिथला कायदा बदलला. श्रेय एकट्या चित्रांना देण्याइतकी मी भाबडी नाही, पण त्या वादात बायकांचे चेहरे आणले ते रेगोनं.

दुसरी अट धंद्याची. जपानमध्ये गेलेल्या गर्भांसाठी जिझोच्या, म्हणजे मुलांची राखण करणाऱ्या बौद्ध देवतेच्या, लहान दगडी मूर्ती असतात, लाल लाळेरं बांधलेल्या. टोकियोच्या झोजोजी मंदिरात त्यांच्या रांगा आहेत. दुःखाला जागा मिळाली, छान. पण १९७०नंतर काही मंदिरांनी ‘विधी केला नाहीत तर त्या जीवाचा कोप होईल’ अशी भीती घालून त्यावर पैसे कमावले, आणि तिथल्याच बायकांनी त्यावर टीका केली. आपल्याकडे नारायण नागबळीची पाटी किती पटकन लागेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

हे सगळं मध्यमवर्गीय बायकांचं रडगाणं वाटत असेल तर बीडला चला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे दंड. पाळीचा, पोटदुखीचा, अंगावरून जाण्याचा दिवसही खाडाच. मग डॉक्टर म्हणतो, पिशवी खराब आहे, पुढं कॅन्सर होईल, काढून टाका. २०१९मध्ये हे गाजलं, तेव्हा विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. बहुतेकींना मुलं झालेली, म्हणून कुणाला त्यात ‘नुकसान’ दिसलं नाही. पिशवी. हा शब्दच बघा. सामान आणायला नेतो ती, काम झालं की घडी घालून ठेवतो ती. बातम्यांसोबत येणारे फोटो ठरलेले: चेहऱ्यावर पदर, हातात दवाखान्याचे कागद. नाव लपवायला पदर हवाच, ते कबूल. पण तिशीत पाळी गेलेली, अंगातून वाफा निघतात, हाडं दुखतात तरी मोळी उचलणारी बाई आकड्याबाहेर कुठं दिसली? लज्जागौरीसारखीच ती. डोकं नाही.

कलेनं यातलं काही दुरुस्त होत नाही. खाडा बंद व्हायला कायदा, तपासणी, संघटना लागते. कायदा असून काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. गर्भ गेल्यावर सहा आठवड्यांची भरपगारी रजा १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यातच लिहिलेली होती. माझ्या जावेनं तीन दिवसांची साधी रजा घेतली, कारण मोठी रजा मागायची तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण तर ‘पित्त’ होतं. जे दाखवता येत नाही ते मागताही येत नाही. म्हणून मला भिंतीवर चित्र हवंय, गॅलरीच्या आधी दवाखान्याच्या.

दोन महिन्यांनी तपासणीला मी पुन्हा तिच्याबरोबर गेले. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, इथली दोन-चार कॅलेंडरं काढून एखादं झाडाबिडाचं चित्र लावता येईल का, निदान या कोपऱ्यात तरी? तिनं वर पाहिलं, आणि खरोखर मायेनं म्हणाली, ‘अहो मॅडम, पेशंटला प्रसन्न वाटावं म्हणूनच लावलीत ती.’